पैलवानांच्या गावातला मांत्रिक

कोल्हापूरचा माणूस कॉम्प्युटरवर रोल-प्लेइंग गेम खेळायला बसला, की पात्र निवडताना फार विचार करत नाही. सगळ्यात आडदांड दिसणारा गडी, दोन्ही हातांनी पेलायची कुऱ्हाड, अंगावर जड चिलखत, विषय संपला. ज्या गावात माणसाची ओळख अजून तालमीवरून सांगतात तिथे दुसरं काय होणार? मी मात्र पहिल्यापासून मांत्रिक. अंगात झगा, कमरेला काही नाही, आणि समोरून अस्वल आलं की आधी चार पावलं मागे. आमच्या ग्रुपातल्या पैलवानांना हे बघवत नसे. "मर्दा, हाण की! पळतोयस काय?" मी पळत नसे, मॅजिका भरायची वाट बघत असे. पण हे कुणाला पटवणार?

आता हे वाचणाऱ्यांत थोडे गेम खेळणारे दोस्त आहेत आणि बरेचसे नातेवाईक. तेव्हा जरा पायापासून सांगतो. (आत्या, कंटाळू नकोस, पुढे नवनाथांची पोथी येणार आहे.) बेथेस्डा या अमेरिकन कंपनीची 'द एल्डर स्क्रोल्स' नावाची गेम्सची मालिका आहे. पहिला 'अरीना' १९९४चा, मग 'डॅगरफॉल' १९९६, 'मॉरोविंड' २००२, 'ऑब्लिव्हियन' २००६ आणि 'स्कायरिम' ११ नोव्हेंबर २०११. यांना ओपन-वर्ल्ड म्हणतात. म्हणजे एक अख्खा मुलूख तुमच्यासमोर टाकलेला असतो, आणि मुख्य कथानक बाजूला ठेवून तुम्ही महिनाभर डोंगरात जडीबुटी गोळा करत फिरलात तरी कुणी विचारत नाही. (मी फिरलोय.)

या मुलखात तलवारबाज होता येतं, चोर होता येतं, आणि मेज होता येतं. 'मेज'ला मराठीत काय म्हणायचं हा प्रश्नच आहे. जादूगार म्हटलं की टोपीतून कबूतर काढणारा. चेटक्या म्हटलं की लहानपणीची भीती. मांत्रिक म्हटलं की लिंबू, टाचण्या आणि पेपरातली भोंदूबाबाची बातमी. २०१३ साली आपल्याकडे जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला तो अगदी योग्य झाला, त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. मी बोलतोय ते गोष्टीतल्या जादूबद्दल. तिथे 'मांत्रिक' हाच शब्द मला बरा वाटतो, कारण त्यात 'मंत्र' आहे. आणि हा सगळा लेख त्या मंत्राचं काय झालं याबद्दल आहे.

स्कायरिममध्ये मांत्रिकांचं एक कॉलेज आहे, विंटरहोल्डला. उत्तरेच्या बर्फात, समुद्रावरच्या कड्यावर. कॉलेज शाबूत आहे आणि त्याच्या पायथ्याचं गाव बरंचसं समुद्रात कोसळलेलं आहे. उरलेल्या चार घरांतले लोक म्हणतात, हे या कॉलेजवाल्यांनीच केलं. कॉलेजवाले म्हणतात, आमचा काही संबंध नाही. खरं काय ते गेम सांगत नाही, आणि मला ते फार आवडतं. मांत्रिकाकडे गावाने कसं बघावं याचं इतकं अचूक चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. कॉलेजात शिरताना पुलावर एक बाई अडवते आणि एक मंत्र टाकून दाखवायला सांगते. येत नसेल तर तीच तीस मोहरांना विकत देते! (आपल्याकडच्या काही प्रवेशप्रक्रिया आठवल्या. असो.)

तर एकदा मी असाच खेळत बसलो होतो आणि माझा भाचा शेजारी होता. डाव्या हातात आग, उजव्या हातात बर्फ, समोर तीन दरोडेखोर, एकूण रंगात आलो होतो. भाचा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, तू मंत्र म्हणतच नाहीस. नुसतं बटण दाबतोस."

खरंच की. इतकी वर्षं मांत्रिक म्हणून खेळतोय आणि मंत्र असा एकही ठाऊक नाही. पुस्तकाच्या दुकानातून विद्येचं पुस्तक विकत घ्यायचं, उघडायचं, की पुस्तक नाहीसं होतं आणि विद्या आलेली असते. वाचायचंसुद्धा नाही. मग मी जरा मागे जाऊन शोधायला लागलो, की हे पहिल्यापासून असंच होतं का?

तर नव्हतं. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला, तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. त्यातला मांत्रिक सकाळी पोथी उघडून मंत्र पाठ करायचा, आणि मंत्र एकदा वापरला की तो डोक्यातून पुसला जायचा. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पाठांतर. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाची, त्याच्या १९५०च्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातली. आपल्याला यात नवल वाटायला नको. घोकायचं, पेपरात उतरवायचं आणि विसरायचं, हे आपण सगळ्यांनी दहावीला केलंय.

त्याहून मजेशीर गोष्ट १९८५ची. रिचर्ड गॅरियट याच्या 'अल्टिमा' मालिकेतला चौथा गेम. यात कुणा राक्षसाला मारायचं नसतं, तर आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं असतं. शब्द आपलाच, तसाच्या तसा उचललेला. प्रत्येक सद्गुणाचं एक ठाणं आणि त्याचा एक मंत्र. तो मंत्र गावोगाव माणसांशी बोलून शोधायचा, आणि त्या ठाण्यावर जाऊन ध्यानाला बसलं की कीबोर्डवर अक्षर अक्षर टाइप करायचा. जादू करायची तर लसूण, जिनसेंग, कोळ्याचं जाळं असलं साहित्य आधी योग्य ते निवडून मिसळून ठेवायचं. मिश्रण चुकलं की साहित्य फुकट. म्हणजे मांत्रिकाला काही तरी माहीत असावं लागे. त्याच्या पात्राला नव्हे, खेळणाऱ्या माणसाला.

आणि मग मॉरोविंड. माझ्या मते मांत्रिकासाठी याच्याइतका चांगला गेम झाला नाही. दिसायला आज भयंकर वाटतो, माणसं लाकडी ओंडक्यासारखी चालतात, पण त्यात मंत्र स्वतः तयार करता येत. मंत्र करून देणारे लोक गावोगाव असत, त्यांच्याकडे जायचं, परिणाम निवडायचा. मग ठरवायचं: स्वतःवर, स्पर्शाने, की लांबून? किती जोराचा? किती सेकंद? किती फुटांच्या परिघात? दोन-तीन परिणाम एकत्र जोडायचे, मंत्राला आपलं नाव द्यायचं आणि मोहरा मोजायच्या. हे म्हणजे जवळजवळ व्याकरण आहे. धातू आहे, कर्म आहे, काळ आहे, विभक्ती आहे. वाक्य जितकं लांब तितकी मॅजिका जास्त खर्च होणार. आणि मॅजिका आपोआप भरत नसे. झोप काढा किंवा काढा प्या. शिवाय मंत्र फसायचासुद्धा! धावून दमलेला मांत्रिक हात हलवतो आणि काहीच होत नाही, नुसता फुस्स आवाज. त्या आवाजाची चीड यायची, पण त्यामुळेच मंत्र लागला की कॉलर ताठ व्हायची.

या गेमच्या सुरुवातीलाच, पहिल्या गावातून बाहेर पडलात की, आकाशातून किंचाळत एक माणूस पडतो आणि मरतो. त्याच्याकडे एक वही आणि तीन गुंडाळ्या सापडतात. उंच उडी मारण्याचा जबरदस्त मंत्र त्याने शोधलेला असतो, पण तो सात सेकंदच टिकतो. वर जाताना काम करतो, खाली येईपर्यंत संपतो. जमिनीवर कसं उतरायचं हे त्या बिचाऱ्याच्या मंत्रात नव्हतंच. तुम्हीही गुंडाळी वापरून बघू शकता. मी बघितली. गेमने मला पहिल्या अर्ध्या तासात शिकवलं की इथे मंत्र रचणाराच त्याला जबाबदार आहे. आणि याच गेममध्ये काही बड्या मांत्रिकांच्या मनोऱ्यांना जिने नव्हते. ज्याला हवेत तरंगता येत नाही त्याला आमच्याकडे काम नाही, असा साधा हिशोब.

पुढे हे सगळं हळूहळू कमी होत गेलं. ऑब्लिव्हियनमध्ये तरंगणं गेलं. कथेत सांगितलं की कायद्याने बंदी आहे. खरं कारण असं, की शहरं तटबंदीच्या आत वेगळी लोड होत, आणि कुणी भिंतीवरून उडून आत गेला असता तर गेम उघडा पडला असता. मंत्र फसणं गेलं. मॅजिका आपली आपण भरायला लागली. मंत्र रचणं मात्र राहिलं, पण मोठ्या पायऱ्या चढून. सात शहरांतल्या मांत्रिक-संघाच्या शाखांकडून सात शिफारसपत्रं आणायची, मग राजधानीतल्या विद्यापीठाचं दार उघडणार, आणि मगच तिथल्या मंत्र घडवायच्या वेदीपाशी उभं राहता येणार. स्कायरिममध्ये तेही गेलं. जादूच्या सहा शाखांच्या पाच झाल्या आणि मंत्र रचणं पूर्ण बंद. करणाऱ्यांचं म्हणणं असं होतं, की तो प्रकार आकडेमोडीच्या तक्त्यासारखा व्हायचा आणि जादूतली जादू जायची. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ऑब्लिव्हियनमध्ये लोक चार मंत्र असे जुळवत की पुढे खेळायला काही उरतच नसे. पण औषध म्हणून त्यांनी हातच कापला. आता दुकानातले तयार मंत्र. सगळ्यांची आग सारखी, सगळ्यांचा बर्फ सारखा.

मग आठवली ती पोथी.

आमच्या आजीचं श्रावणात नवनाथ पारायण असायचं. नऊ दिवस, पहाटे, उदबत्तीच्या वासात, तिच्या त्या एकसुरी आवाजात. आम्ही पोरं अर्धवट झोपेत ऐकायचो आणि मारामारीचा भाग आला की टक्क जागे व्हायचो. 'नवनाथ भक्तिसार', धुंडीसुत मालू यांची, शके १७४१ म्हणजे इसवी सन १८१९ची, चाळीस अध्याय. दोनशे वर्षं झाली. आणि मी आज मोठेपणी, इतके गेम खेळून झाल्यावर ती पुन्हा वाचली, तेव्हा अक्षरशः थक्क झालो. अहो, हे ओपन-वर्ल्डच आहे! मच्छिंद्रनाथ बदरिकाश्रमातून निघतो आणि रामेश्वरापासून बंगालपर्यंत फिरत राहतो. प्रत्येक ठिकाणी कुणी तरी देव, भैरव, वेताळ आडवा येतो, अस्त्राला अस्त्र भिडतं, हरलेला वर देतो आणि नाथ पुढच्या मुक्कामाला.

रामेश्वरचा प्रसंग तर बघाच. पावसात एक म्हातारं माकड डोंगर उकरून घर करायच्या प्रयत्नात आहे. मच्छिंद्र त्याला हसतो, की पाऊस पडायला लागल्यावर घर बांधतोस होय? ते माकड म्हणजे मारुती. बोलता बोलता ठिणगी पडते, मारुती डोंगर उपटून फेकायला लागतो, आणि नाथ मंत्र टाकून ते डोंगर आकाशातच रोखून धरतो. शेवटी असा मंत्र टाकतो की वाराच आवळला जातो आणि मारुती डोंगर हातात धरल्याधरल्या खिळून राहतो. वायुदेवाला येऊन रदबदली करावी लागते. आमच्या पैलवान मित्रांना मी हे मुद्दाम सांगतो. साक्षात तालमीचा देव, आणि समोर हाताने काडी न उचलणारा एक जोगी! (दोघांची पुढे दोस्ती होते, हेही सांगतो, नाहीतर गल्लीत फिरणं मुश्किल व्हायचं.)

पण माझा मुद्दा मारामारीचा नाही. मच्छिंद्राला हे मंत्र मिळाले कुठून? पोथी सांगते, त्याने ते रचले. शाबरी विद्या म्हणजे 'कवित्व' आहे, हाच शब्द तिथे आहे. सप्तशृंगीला देवीपुढे बसलेला असताना त्याच्या मनात येतं की आपण शाबरी विद्येवर कविता करावी, आणि ती फळावी म्हणून तो देवीला वर मागतो. देवी काही बटण दाबून देत नाही. ती त्याला एका डोंगरावर नेऊन एक झाड दाखवते, त्यावर सगळ्या दैवतांचा आणि वीरांचा वास आहे. ती दिसायची असतील तर लांबच्या एका नदीतली कुंडं शोध. एकेका कुंडात पांढरा वेल टाकत जा. ज्या कुंडातल्या वेलाला पालवी फुटेल त्यातलं पाणी आणून या झाडाला घाल. मग एकेक दैवत प्रसन्न करून घे. महिनोन् महिने हेलपाटे. स्कायरिम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, या प्रकाराला काय म्हणतात. क्वेस्ट! फरक इतकाच, की आमच्या क्वेस्टच्या शेवटी तयार मंत्र मिळतो आणि मच्छिंद्राला मिळतं ते त्याने स्वतः रचलेले शब्द खरे ठरण्याचं वरदान.

आणि हे शब्द कुठल्या भाषेत? शाबरी मंत्रांची ओळखच ही, की ते संस्कृतात नाहीत, लोकांच्या बोलीत आहेत. ज्याला वेदाचा अधिकार नाही त्याच्याही तोंडी बसतील असे. मला यात मॉरोविंडमधल्या त्या मंत्रवाल्याचं दुकान दिसतं. दार उघडं आहे, या, आपापलं वाक्य बनवा.

चोरीची गोष्टही पोथीत आहे. शेवटच्या भागात इंद्राला ही विद्या हवी असते. मागायची कशी, मान खाली कशी घालायची, म्हणून तो यज्ञाचं निमित्त करून नाथांना बोलावतो आणि शिकवणी चालली असताना मोराचं रूप घेऊन लपून ऐकतो. पकडला गेल्यावर नाथ शाप देतात की ही विद्या तुला फळणार नाही. पुढे मध्यस्थीने उतारा मिळतो, पण तोही तपश्चर्येनंतर. स्वर्गाच्या राजाला जे जमलं नाही ते मी काही मोहरांत, उभ्या उभ्या, दुकानात करतो.

आता कोल्हापूरकडे येतो. कारण या मच्छिंद्राला पडद्यावर पहिल्यांदा बोलताना लोकांनी बघितलं ते आमच्या गावात तयार झालेल्या सिनेमात. १ जून १९२९ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली: दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी. त्याआधी १९१७ साली बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथेच निघाली होती. तिच्या 'सैरंध्री'त, १९२० साली, कीचकाचं मुंडकं उडण्याचा प्रसंग इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापला. मुंडकं उडवायचं ते कॅमेऱ्याने, हे तेव्हापासून कोल्हापूरला माहीत आहे. प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट दिला आणि त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र', मराठीत आणि हिंदीत. दिग्दर्शक शांताराम. मच्छिंद्रनाथ झाले गोविंदराव टेंबे, स्त्रीराज्याची राणी दुर्गाबाई खोटे आणि गोरखनाथ मास्टर विनायक. राणीबरोबर एक खराखुरा चित्ता आहे, तो बघणाऱ्याच्या कायम लक्षात राहतो.

टेंबे हे कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, हार्मोनियमवर हात बसलेला, चाली बांधणारा माणूस. या सिनेमाचं संगीतही त्यांचंच. आणि त्या काळी पार्श्वगायन नव्हतं. पडद्यावर गाणाऱ्याने सेटवर उभं राहून, कॅमेरा चालू असताना, स्वतः गायचं. म्हणजे बघा, मांत्रिकाची भूमिका करणारा माणूस स्वतःच्या चाली स्वतःच्या गळ्यातून काढत होता. मच्छिंद्राचं कवित्व यापेक्षा जास्त कुणी अंगी आणलं असेल असं मला वाटत नाही. मी कंट्रोलर हातात धरून मांत्रिक होतो, टेंबे श्वास लावून झाले होते.

कथाही पोथीपेक्षा थोडी वेगळी वळवलेली आहे. पोथीत मच्छिंद्र खरोखरच स्त्रीराज्यात रमतो आणि गोरख त्याला तिथून काढून आणतो. सिनेमात शेवटी कळतं की ते राज्य, ती राणी, तो संसार, सगळी गुरूने शिष्यासाठी उभी केलेली माया होती. १९३२च्या प्रेक्षकाला अंधारात बसवून, पडद्यावर ट्रिक फोटोग्राफीने एक जग दाखवायचं, आणि शेवटी म्हणायचं की हे सगळं खोटं होतं! भ्रमविद्येतला हा डाव मला स्कायरिमच्या सगळ्या भ्रममंत्रांपेक्षा वरचा वाटतो. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. गेली ती गेलीच. (कोल्हापूरकराला हे दुखणं आजही आहे, त्यावर जास्त बोलत नाही.)

पण गावात एक जागा अशी होती जिथे पैलवान आणि माया पाठीला पाठ लावून राहत. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर, जे १९१५ साली सुरू झालं आणि पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. इकडे लाल माती, तिकडे रंगवलेले पडदे. इकडे अंग खरं, तिकडे सगळं खोटं, आणि दोन्हीला गर्दी सारखीच. ज्या राजाने या दोन्ही गोष्टींना शेजारी जागा दिली त्याला 'तू पळपुटा' असं म्हणावंसं वाटलं नसतं, याची मला खात्री आहे. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आमच्या ग्रुपवर फोटो येत होते, आणि ज्याने आयुष्यात कुऱ्हाडीशिवाय दुसरं शस्त्र घेतलं नाही त्या पठ्ठ्यानेच पहाटे दोनला लिहिलं होतं, "लहानपणी हितंच पहिलं नाटक बघितलं रं मी." कुणी काही उत्तर दिलं नाही. काय देणार.

पोथीत कोल्हापूरची एक गोष्ट आहे, आजी ती सांगताना आवाज जरा खाली आणायची. वटसिद्ध नागनाथाला दत्तात्रेयाला भेटायचं असतं. दत्त रोज कोल्हापुरात भिक्षेला येतो, पण कुठल्या रूपात ते कुणाला ओळखता येत नाही. नागनाथाकडे सिद्धी असते. तो गावात अन्नदान सुरू करतो, मागेल त्याला पक्वान्न. सगळा गाव जेवायला लोटतो. सगळे भिकारी, सगळे जोगी. मग असा एकच जण उरतो जो ते अन्न नको म्हणतो आणि दारोदार कोरडी भाकर मागत फिरतो. सिद्धीचं अन्न मी घेत नाही. नागनाथ त्याचे पाय धरतो.

लहानपणी मला वाटायचं की काय हा वेडेपणा, पुरणपोळी सोडून भाकर! आता ती गोष्ट वाचताना मी बराच वेळ तिथेच थांबतो. सिद्धीने झालेलं अन्न आणि कुणी तरी चुलीपाशी बसून थापलेली भाकर, यांत फरक चवीचा नाहीच. नागनाथाला सगळं बनवता येत होतं, आणि ज्याला शोधायचं त्याला हातचंच लागत होतं. विशेष म्हणजे ही ओळख पटवायला पोथीने गाव निवडलं ते कोल्हापूर. आम्ही हातच्या भाकरीचे लोक आहोत, हे मालू कवींना १८१९मध्ये माहीत असावं.

२२ एप्रिल २०२५ला ऑब्लिव्हियन नव्याने, नव्या चित्रांसह आला. मंत्र घडवायची वेदी त्यात तशीच ठेवलीय. मी भाच्याला तो घेऊन दिला तेव्हा ताईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते इथे लिहीत नाही. त्याने नेहमीप्रमाणे पैलवानच घेतला होता, पण सात शिफारसपत्रं गोळा करत करत मे महिन्याच्या सुट्टीत विद्यापीठात पोचला. फोन आला, "मामा, त्या मारुतीला टाकलेल्या मंत्राचं नाव काय होतं?" मी सांगितलं, वाताकर्षण. समोरचा जागच्या जागी खिळून राहील असा परिणाम त्याने निवडला होता, लांबून टाकायचा, पाच सेकंदांचा. गेम मराठी अक्षरं घेत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत स्पेलिंग लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पाच सेकंदांना फार मॅजिका लागते, तीन केले तर चालेल का?

म्हटलं, तुझा मंत्र आहे, तू बघ. त्याने चार केले.